फॅमिली हॉलचे मॅनेजर

मागवलेलं जेवण कमी करायला लावणारा हॉटेल मॅनेजर मी आयुष्यात एकच पाहिला.

ताराबाई पार्कातल्या त्या हॉटेलात एखादं कुटुंब यायचं, मेनूकार्ड उघडायचं आणि भूक लागलेली माणसं मागवतात तसं भराभर मागवत सुटायचं. दोन पनीरच्या भाज्या, कोफ्ता, दाल फ्राय, नानांची चळत, वर पुलाव. वेटर लिहून घेत असतानाच काउंटरवरून आवाज यायचा, "साकु! साकु!" मग मॅनेजर स्वतः टेबलाशी येऊन उभे राहायचे. "पावणं, किती जण हाय तुमी? त्यात दोन बारकी पोरं. कोफ्ता काढा. नान आधी निम्मे घ्या, लागलं तर गरम आणून देतो. टाकून दिलेलं मला बघवत न्हाय." साकु म्हणजे कानडीत पुरे. ज्यांना कानडी यायचं नाही त्यांनाही ते त्या आवाजावरून कळायचं.

काही जण रागवायचे. गुजरीतले एक सराफ "खाणार मी, तुम्हाला काय त्रास?" असं म्हणून सहकुटुंब उठून गेले आणि पुढच्या रविवारी तितक्याच जणांना घेऊन परत आले. त्या दिवशी त्यांनी मेनूकार्ड उघडलंच नाही. मॅनेजरना बोलावलं आणि म्हणाले, "सांगा, काय घेऊ?"

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. पुण्याच्या एका मालकाने कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी आणि कराड इथे एकाच नावाची, एकाच थाटाची शाकाहारी हॉटेलं काढली होती. सगळीकडे मरून पडदे, मरून रेक्झिनच्या खुर्च्या, दारापाशी माशांची काचेची पेटी आणि आत एसी असलेला फॅमिली हॉल. सगळीकडे मेनूकार्ड तेच आणि चवही तीच. मेनूकार्डात 'व्हेज कोल्हापुरी' होती, आणि तिचा मसालाही पुण्याहून यायचा. ती कुणी मागवली की मॅनेजर कपाळाला हात लावायचे. "ती नगं. ती परगावच्या लोकांसाठी हाय. घरी जाऊन आम्हाला शिव्या घालशीला."

मालकाचा नियम होता की मॅनेजरने टाय लावावा. मॅनेजर टाय लावायचे, पण सुपात बुडू नये म्हणून त्याचं टोक शर्टाच्या दोन बटणांमधून आत खोचून ठेवायचे. पायांत मात्र कायम कोल्हापुरी चपला. बुटात पाय कोंडले की डोकं चालत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुण्याहून तपासणीला माणूस आला की ते काउंटरच्या मागून बाहेरच यायचे नाहीत.

हॉलमध्ये दिवसभर संतूरची एक कॅसेट वाजत असे. एखाद्या टेबलावर काही गंभीर बोलणं चाललंय असं वाटलं की मॅनेजर ती बंद करायचे, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सांगायचे, "कोपऱ्यात बोलणी चाललीत, जरा गाणं बंद ठिवतोय." हळू बोलणं त्यांना जमतच नसे. निपाणीकडच्या खेड्यातला, लिंगायत घरातला माणूस. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषा एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या माणसाशी बोलावं तशा. कोपऱ्यातली माणसं बिचारी आणखी गंभीर व्हायची आणि बाकीचा हॉल माना वळवून त्यांच्याकडे बघायचा.

मी त्यांना ओळखू लागले ती जेवायला जाऊन नव्हे, दाखवून घ्यायला जाऊन.

आमचं घर शुक्रवार पेठेत, दोन खोल्यांचं. आई मी कॉलेजात असतानाच गेली. वडील, म्हणजे अण्णा, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, टोपी. मी एका सहकारी बँकेत क्लार्क होते. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे माझा डावा पाय बारीक आहे आणि थोडा आखूडही. मी चालते, जिने चढते, भरल्या बसमध्ये उभी राहते. पण चालताना माझा खांदा एका बाजूला जातो आणि ते लगेच दिसतं.

माझं वय वाढत होतं आणि अण्णांना काळजी होती. मुलाकडची माणसं घरी आली की बसायला जागा पुरत नसे, चहा करायला घरात दुसरं कुणी नसे. तेव्हा गावात नवीनच पद्धत सुरू झाली होती, मुलगी हॉटेलात दाखवायची. अण्णांनी ती उचलली. त्या फॅमिली हॉलला एसी होता, पडदे होते. आपली मुलगी तिथे बसलेली चांगली दिसेल, असं त्यांना वाटत असावं.

पहिल्या वेळी मुलगा, त्याचे आईवडील, मध्यस्थ, अण्णा आणि मी. सूप आलं ते पहिल्यांदा माझ्यासमोर ठेवलं गेलं. मुलाच्या आईने भुवया उचलल्या. रीत मुलाकडच्यांना आधी वाढायची. मध्यस्थाने वेटरला खूण केली तर काउंटरवरून मॅनेजर म्हणाले, "पोरीला आधी. परीक्षेला बसल्यागत बसलीया ती. तिच्या पोटात काय तरी जाऊ दे."

पायाचं मध्यस्थाने आधी सांगितलं होतं, पण 'किंचित' असं सांगितलं होतं. मुलाच्या आईला तो किंचितपणा बघायचा होता. हॉलच्या दुसऱ्या टोकाला बेसिन होतं. ती गोड आवाजात म्हणाली, "बाळ, हात धुऊन ये जा. बेसिन तिकडं आहे बघ."

मी उठणार तोच मॅनेजर ओरडले, "बेसिन बंद हाय! नळाला पाणी न्हाय! सगळ्यांनी हात जागेवरच धुवायचे." आणि खरोखरच प्रत्येक टेबलावर कोमट पाण्याचे, लिंबाच्या फोडी टाकलेले वाडगे आले. जे नुकतेच येऊन बसले होते त्यांच्यापुढेसुद्धा. मी जागची उठले नाही. जेवण झालं, मुलाकडची माणसं आधी गेली. अण्णा मॅनेजरकडे बघून हात जोडून हसले.

आठवड्याने निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

पण तो निरोप यायच्या आधीच, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, मी बँकेतून तडक त्या हॉटेलात गेले. मॅनेजर काउंटरवर उभे होते.

"बेसिन बंद नव्हतं," मी म्हटलं.

"न्हवतंच."

"मग?"

"ती बाई तुला चालाय लावणार हुती."

"मग चालले असते. मी रोज चालते. घरापासून बँकेपर्यंत चालतच येते. यात लपवण्यासारखं काय आहे? तुम्ही लपवलंत, म्हणजे ते लपवण्यासारखं आहे असं तुम्हीच सगळ्या हॉलला सांगितलंत."

बोलताना माझा आवाज चढला होता. त्यांनी टायचं टोक शर्टातून बाहेर काढलं, पुन्हा आत खोचलं. मग, वेटर थबकून बघायला लागतील एवढ्या मोठ्यांदा म्हणाले, "चुकलं माझं, अक्का. पुन्ना न्हाय हुणार."

माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा माणूस मला अक्का म्हणाला. त्यांच्याकडे कुठल्याही बाईला तसंच म्हणतात, हे मला माहीत होतं. तरी त्या दिवसापासून तो शब्द त्यांनी मला चिकटवला तो कायमचा.

त्यानंतर काही महिन्यांनी दुसरी मंडळी आली, सांगलीकडची. मुलगा शांत, कंपनीत नोकरीला. बोलत होती ती त्याची आत्या. या वेळी मी कुणी सांगायची वाट बघितली नाही. सूप यायच्या आधीच उठले आणि बेसिनकडे निघाले. मॅनेजरनी मला उठताना पाहिलं. वाटेत आलेल्या दोन खुर्च्या त्यांनी आत सरकवल्या आणि कॅसेट बंद केली. त्या दिवशी एकदाच त्यांनी ती काही न बोलता बंद केली. हॉलभर माझी पावलं ऐकू येत होती, एक जड, एक हलकं. मी हात धुतले, पुसले आणि तशीच परत येऊन बसले. माझ्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. काय ते आता सगळ्यांनी बघितलं होतं.

आत्या म्हणाली, "परत एकदा जा बघू. आता जरा भरभर."

अण्णांनी मान खाली घातली. वर्गात कधी कुणापुढे न वाकलेला माणूस टेबलक्लॉथकडे बघत बसला होता. त्यांचा तो चेहरा मला सहन झाला नाही. हे लवकर संपावं म्हणून मी उठण्यासाठी टेबलावर हात टेकले, तेवढ्यात मॅनेजर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"अक्का, तू बस," ते म्हणाले. मग मुलाकडे वळले. "पावणं, आता तुमी उठा."

"मी?" मुलगा म्हणाला.

"व्हय. तिनं चालून दावलं. आता तुमची पाळी. बेसिनपातूर जाऊन या. भरभर."

हॉलमध्ये कुणी हललं नाही. आणि मग तो मुलगा, कशाचाही विचार न करता, सांगितलेलं ऐकायची सवय असलेल्या माणसासारखा खुर्चीतून अर्धा उठला. आत्याने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं. त्या मुलाचा मला आजही राग येत नाही. उलट, तो पूर्ण उठला असता तर मी कदाचित हो म्हटलं असतं.

मग व्हायचं ते झालं. "तुम्ही कोण सांगणारे?" "मालकाला ओळखतो आम्ही." खुर्च्या मागे सरकल्या, मंडळी तरातरा निघून गेली. सुपाचे वाडगे टेबलावर तसेच राहिले.

अण्णा उठून उभे राहिले. "तुम्ही माझ्या मुलीचं जमणारं मोडलंत," ते मॅनेजरना म्हणाले.

"जमत हुतं व्हय, गुरुजी?" मॅनेजरनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता. "तुमी हितं आता पावणं आणू नका. पोरीला घिऊन जेवाय या. नुसतं जेवाय या."

अण्णा मला घेऊन घरी आले. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. पुढे बरेच दिवस आमच्या घरात त्या हॉटेलचं नाव निघालं नाही, आणि स्थळांचंही निघालं नाही. मध्यस्थ दोनदा आला. अण्णांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मग एका रविवारी सकाळी अण्णांनी इस्त्रीचा शर्ट काढला आणि म्हणाले, "चल, आज बाहेर जेवू."

कुठे, ते मी विचारलं नाही. आम्ही ताराबाई पार्कात गेलो. काउंटरवर एक तरुण मुलगा टाय लावून उभा होता, टाय पूर्ण बाहेर. जुन्या मॅनेजरची इचलकरंजीच्या शाखेत बदली झाली, असं त्याने सांगितलं. का झाली ते वेटरने सांगितलं. त्या आत्याच्या यजमानांची आणि मालकांची चांगली ओळख होती. पुण्याला फोन गेला, आणि आठवड्याच्या आत मॅनेजरनी सामान बांधलं. इचलकरंजीची शाखा तेव्हाही फारशी चालत नव्हती. तिथे पाठवणं म्हणजे शिक्षाच होती.

अण्णा हॉटेलाच्या पायरीवर थोडा वेळ उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली, पुन्हा घातली. मग मला विचारलं, "इचलकरंजीची एसटी आता कितीला असेल?"

हातकणंगल्याच्या स्टँडवर एसटी थांबली तेव्हा अण्णांनी खिडकीतून बोट दाखवून त्यांची पहिली शाळा कुठल्या बाजूला होती ते सांगितलं. इचलकरंजीत उतरलो तेव्हा ऊन कडक झालं होतं आणि यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. हॉटेल सापडायला वेळ लागला नाही. पडदे तेच, पेटीही तीच, फक्त पेटीत मासे नव्हते. हॉलमध्ये दोनच टेबलं भरलेली.

मॅनेजरनी आम्हाला दारात पाहिलं. "गुरुजी! एवढ्या लांब?"

"तुम्हीच म्हणालात, पोरीला घेऊन जेवायला या," अण्णा म्हणाले. "पत्ता तुम्ही बदललात. त्याला आम्ही काय करणार?"

मॅनेजर आत स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या हातात सुपाचे दोन वाडगे होते. स्वतः वाढायची त्यांची पद्धत नव्हती. अण्णांनी सूप पुढे ओढलं आणि म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला जे बोललो..."

"खावा, गुरुजी. गार हुतंय."

त्यानंतर आम्ही महिन्यातून एखाद्या रविवारी इचलकरंजीला जेवायला जात असू. आमच्या ओळखीतल्या कुणालाही हे पटत नसे. कोल्हापुरात खाण्याची काय कमी आहे? पण अण्णांना त्या प्रवासाची गोडी लागली होती. एसटीत ते मला बँकेतलं विचारायचे, साहेब कसा आहे, ऑफिसरच्या परीक्षेला बसणार का. आई गेल्यापासून आम्ही दोघं एका घरात राहत होतो, पण बोलायला लागलो ते त्या एसटीत. पुन्हा त्यांनी मला कधीच कुणापुढे बसवलं नाही. परीक्षेला मात्र बसवलं. मी पास झाले ते सांगायलाही आम्ही इचलकरंजीलाच गेलो. मॅनेजरनी त्या दिवशी ताटात वाढलेलं एकदाही मोजलं नाही. गुलाबजाम मागवला नव्हता, तोही आणून ठेवला.

पुढे ती साखळी एकेक करून तुटत गेली. कराडचं हॉटेल बंद पडलं, मग सांगलीचं. हायवेला नवीन हॉटेलं झाली होती, लोकांकडे गाड्या आल्या होत्या, रविवारी माणसं पन्हाळ्याकडे किंवा हायवेकडे जेवायला जायला लागली. इचलकरंजीलाही कुलूप लागलं तेव्हा मालकाने मॅनेजरना पुन्हा कोल्हापूरला आणलं, कारण त्या पगारात दुसरं कुणी मिळत नव्हतं. आमचं एसटीने जाणं संपलं. अण्णा चिडवायचे, "आता जवळ आलात, चव गेली."

अण्णा गेले ते दोन हजार सालानंतर, झोपेतच. बाराव्याला मॅनेजर आले होते. कामावरून तसेच आलेले, गळ्यात टाय. दारातल्या बाकावर बसले, जेवले आणि गेले. त्यानंतर माझी बढती होऊन गारगोटीच्या शाखेत बदली झाली. तिथेच खोली घेतली. कोल्हापूरला येणं सणावारापुरतं राहिलं, आणि आले तरी त्या हॉटेलाकडे पाय वळत नसे. एकटीने जाऊन त्या खुर्चीत बसायचं माझ्या जिवावर यायचं.

काही वर्षांनी बँकेतल्या एका सहकाऱ्याने सहज सांगितलं की ताराबाई पार्कातलं ते जुनं हॉटेल या महिन्यात बंद होतंय, तिथे मोबाइलचं मोठं दुकान येणार आहे. त्याच शनिवारी अर्ध्या दिवसाचं काम आटोपून मी एसटी धरली.

हॉटेल ओळखू आलं ते फक्त जागेवरून. पाटीची निम्मी अक्षरं गेली होती. एसी काढून नेला होता आणि त्या भोकात प्लायवुड ठोकलं होतं. खुर्च्यांचं रेक्झिन फाटून आतला काथ्या दिसत होता. वेटर एकच. मेनूकार्डातल्या बहुतेक पदार्थांवर चिकटपट्टी लावलेली. हॉलमध्ये मी धरून दोन गिऱ्हाईकं होती. दुसरी एक म्हातारी बाई कोपऱ्यात, इरकली लुगड्यात, कपाळावर विभूती, पायाशी कापडी पिशवी.

मॅनेजर काउंटरमागून आले. वाळले होते. केस सगळे पांढरे झालेले. माझ्यासमोर येऊन म्हणाले, "एकटी कशाला बसतीस? चल." आणि मला त्या बाईंच्या टेबलावर नेऊन बसवलं. "ही आमची मंडळी. एवढ्या वर्सात कधी आली न्हवती. म्हटलं, बंद हुयाच्या आधी एकदा बघून तर जा." बायकोला म्हणाले, "ही गुरुजींची अक्का."

"ही व्हय ती?" म्हणून त्या मावशींनी माझ्याकडे नीट बघितलं. मॅनेजर आत गेले.

मावशींनी माझा पाय बघितला. चोरून नाही, सरळ. मग म्हणाल्या, "तुमचं सांगितलंय ह्यांनी मला. त्या पोराला चाल म्हणाले ते."

"हो. तीच मी."

"मला बघाय आलते तवा मी सतरा-अठरा वर्सांची. घरभर पावणं. ह्यांच्या काकानं मला पुढच्या सोप्यातनं मागच्या परड्यापातूर चालाय लावलं, परत बोलिवलं, परत चालाय लावलं. वाच म्हणाला. सूत काढून दाव म्हणाला. केस सोड म्हणाला. आणि हे बसलं हुतं चहा पीत. बशीत वतून." त्यांनी बशी धरल्यासारखी बोटं केली. "मला वाटलं, हा मानूस तोंड उघडंल. एकदा तरी उघडंल. न्हाय उघडलं."

"मग लग्न?"

"मला कोन इचारलं हुतं?" त्या म्हणाल्या. "लग्नानंतर भांडान झालं की मी तेच काडायचे. तुमी चहा पीत बसलासा. तांदूळ नसला घरात तरी तेच, पोरगं आजारी पडलं तरी तेच. दुसरं काय आठवायचंच न्हाय बगा रागात. हे गप ऐकायचं. एकदा इचलकरंजीस्नं घरी आलते, तवा म्हणालं, माजी बदली झाली, आणि का झाली ते सांगितलं. त्या दिसापासनं मी ते काडलं न्हाय."

मॅनेजर ताटं घेऊन आले तेव्हा आम्ही दोघी गप्प होतो. त्यांनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. सगळं सांगून झालंय हे त्यांना कळलं असावं. ताटं ठेवताना त्यांनी आमच्यापैकी कुणाशीच नजर मिळवली नाही. जेवण बेताचंच होतं, पनीर चिवट, भात मोकळा. मावशींनी प्रत्येक घास चाखून बघितला आणि भाजीबद्दल चांगलं-वाईट काही बोलल्या नाहीत. मीही सगळं ताट संपवलं.

साडेपाचच्या सुमारास आम्ही बाहेर पडलो. मावशींना निपाणीची गाडी पकडायची होती, मॅनेजर त्यांना स्टँडवर सोडायला निघाले. रिक्षा थांबवून त्यांनी मावशींना आत बसवलं, पिशवी दिली, आणि मग माझ्याकडे परत आले.

"अक्का, एक इचारू?"

"विचारा."

"गुरुजींना मी म्हटलं हुतं, पावणं आणू नका म्हणून. त्यांनी आणलं न्हाईत. तू एकटी ऱ्हायलीस." त्यांनी रस्त्याकडे बघितलं. "ते माझ्यामुळं झालं व्हय?"

मी लगेच नाही म्हणू शकले असते. म्हातारा माणूस, हॉटेल बंद होतंय, रिक्षा थांबलेली. पण या माणसापुढे मी एकदा भांडून खरं बोलले होते, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं होतं.

"काही संध्याकाळी तसं वाटलंय," मी म्हटलं. "गारगोटीला, खोलीवर एकटी असताना. पण अशा संध्याकाळी थोड्या. बाकीच्या वेळी मी माझी सुखात असते."

त्यांनी मान हलवली.

"मग त्या थोड्या माझ्या डोक्यावर ऱ्हाऊ देत, अक्का," ते म्हणाले. "त्या तू नगं वागवू."

रिक्षातून मावशींनी हाक मारली, "चला की! गाडी जाईल." ते जाऊन त्यांच्या शेजारी बसले आणि रिक्षा स्टेशन रोडच्या गर्दीत शिरली.